तीन दिवसांचा गहू

आमच्या घोटीच्या घरी थंडी मोजायचं माप म्हणजे कुरडयांचा गहू. फाल्गुन लागला की आजी दोन पायल्या गहू निवडून तपेल्यात भिजत घालायची. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि तिसऱ्या दिवशी चिमटीत दाणा दाबून बघायचा. फुटून पांढरं दूध बोटावर आलं की गहू 'आला'. मग वाटायचा, पिळायचा, वस्त्रगाळ करून चीक रात्रभर निवळू द्यायचा. ऊन तापायला लागलं असेल तर हे तीन दिवसांत होतं. हवेत गारठा असला तर दाणा नुसता वाकतो, आत पिठूळ कणी लागते, आणि आजी हात पदराला पुसत जाहीर करायची, "थंडी गेली नाही अजून. उगा स्वेटर धुऊ नका."

चार दिवस म्हणजे थंडी रेंगाळली. पाच दिवस म्हणजे औंदाचं काही खरं नाही. सहा दिवस तिनं आयुष्यात एकदाच पाहिले होते, असं ती सांगायची. कोणत्या वर्षी, ते मात्र सांगणाऱ्या दिवसावर अवलंबून असायचं.

बहुतेक वेळा ते 'अष्टग्रहीचं वर्ष' असायचं, म्हणजे १९६२. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला मकर राशीत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि वर केतू असे आठ ग्रह गोळा झाले. जग बुडणार अशी देशभर हूल उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, सप्ताह बसले. आमच्या आळीत एका शेजारणीनं ठेवणीतलं सगळं तूप त्या दिवसांत घरच्यांना खाऊ घातलं. बुडायचंच आहे तर तूप कुणासाठी ठेवायचं? जग काही बुडलं नाही आणि त्या घरात दिवाळीपर्यंत तूप दिसलं नाही. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी तुपाचं माप वाढवायची. माझ्या लहानपणी ते शेरभर होतं, माझ्या मुलीला सांगेपर्यंत डबाभर झालं.

त्या वर्षीच्या थंडीबद्दल मात्र तिचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. २२ जानेवारी १९६२ ला मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. मुंबईच्या नोंदीतली ती सर्वात थंड रात्र म्हणून आजही सांगतात. समुद्राकाठी ही तऱ्हा, तर कसारा घाट चढून वर आल्यावर काय असेल! आकडे मी पुढे वाचले. आजीला त्यांचं काही नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच, की अष्टग्रही सरली, शिवरात्र सरली, होळी पेटली, तरी तिचा गहू येईना.

आणि कधीकधी तीच गोष्ट ती आपल्या माहेरची म्हणून सांगायची. माहेर भंडारदऱ्याकडचं, कळसुबाईच्या पलीकडच्या अंगाला. "माझं लगीन ठरायच्या आधीची थंडी. बाहेर ठेवलेल्या तांब्यात पाण्यावर साय धरली होती." दुधावर धरते तशी साय, पाण्यावर! आम्ही पोरं हसायचो. तिचं लग्न 'लढाई संपली त्या वर्षी' झालं, म्हणजे १९४५. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की ७ जानेवारी १९४५ ला नाशिकला पारा ०.६ अंशांवर उतरला होता. तेव्हा तांब्यातली साय बहुधा खरी असावी. पण मग सहा दिवसांचा गहू माहेरचा की सासरचा? मला वाटतं दोन्ही थंड्या तिच्या मनात एकाच तपेल्यात भिजत पडल्या होत्या. मी कधी त्यांची निवड करायला बसले नाही. आता वाटतं, बसायला हवं होतं.

घोटीची थंडी बाहेरच्यांना पटत नाही. त्यांना घोटी म्हटलं की पाऊस आठवतो, नाहीतर तांदूळ. पण दारणेवरून सकाळी धुई उठायची ती आठ-आठ वाजेपर्यंत भातखाचरांवर बसून राहायची. आगगाडी आधी ऐकू यायची, मग इंजिनाचा दिवा दिसायचा आणि मग गाडी. थळ घाटातून ही रेल्वे वर आली ती १८६५ साली. आमचे खापरपणजोबा त्या कामावर होते अशी घरात वदंता आहे. घाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येक घरात ती आहे, त्यामुळे मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

आबा, म्हणजे आजोबा, भातगिरणीत कामाला होते. घोटीत गिरण्या पुष्कळ. इगतपुरी तालुक्याचंच काय, अकोले तालुक्याकडचं भातही इथं भरडायला यायचं. गिरणीतून आबा दोन गोष्टी घरी आणायचे, कण्या आणि तूस. कण्यांची पेज व्हायची. हिवाळ्यात सकाळी ती वाफाळती पेज, वर मीठ आणि सोबत खुरासणीची चटणी. नागलीची भाकर असली तर तीही पेजेत कुस्करायची. आजकाल हॉटेलात हे 'पारंपरिक' म्हणून काय भावात मिळतं ते सांगत नाही, आजीला कळलं तर ती वरून खाली येईल.

तूस लागायचं शेगडीला. ही शेगडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याचा मोठा डबा, खाली एका बाजूला लाकूड सरकवण्याएवढं भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून लाकूड आडवं घालायचं, आणि भोवती मूठमूठ तूस टाकून बत्त्यानं ठोकत जायचं. ठोकणं सैल झालं तर पेटल्यावर सगळं आत कोसळतं आणि घर धुरानं भरतं. काठोकाठ ठासलं की बाटली हलक्या हातानं फिरवत वर काढायची. ती निसटून आली की मधे गुळगुळीत नळी राहायची. खालून चिंधी पेटवली की ती शेगडी तासन् तास मंद जळायची. हिवाळ्यातली आमची सगळी रात्र तिच्याभोवती जायची. बाटली काढायचं काम माझं होतं, कारण माझा हात लहान. हात मोठा झाल्यावर ते माझ्या धाकट्या भावाकडे गेलं, आणि मला बढती मिळाल्यासारखं न वाटता काढून टाकल्यासारखं वाटलं.

तर या शेगडीभोवती घरात दर फाल्गुनात भांडण लागायचं. विषय एकच, थंडी जावी की राहावी. आजीला ऊन हवं होतं. कुरडया, तांदळाचे पापड, सालपापड्या, सगळं वाळवण उन्हावर अवलंबून. खाटेवर धोतर पसरून घातलेली कुरडई दोन दिवसांत कडकडीत वाजली पाहिजे. ऊन मऊ असलं की ती आतून ओली राहते आणि पावसाळ्यात डबा उघडल्यावर वास मारतो. शिवाय उशीर झाला की पुढे वळीव गाठतो. थंडी लांबली तर तिच्या हातात वाळवणाचे दिवसच कमी उरायचे.

आबांना वळवाची घाई मुळीच नव्हती. आमचं खाचर थोडंसंच, पण राब भाजल्याशिवाय त्यांचा उन्हाळा सुरू व्हायचा नाही. आमच्याकडे भाताची रोपं जिथं टाकायची तो तुकडा आधी भाजून घेतात. शेणाच्या गोवऱ्या, झाडांच्या वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचं. पेटवायचं तेही वाऱ्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश चालते आणि माती नीट भाजते. तणाचं बी जळतं, राख खत होते. रचून ठेवलेल्या राबावर वळीव पडला तर ओल्या पाल्याचा नुसता धूर होतो. भाजून झाल्यावर जोराचा कोसळला तर राख वाहून जाते. म्हणून आबांचं म्हणणं, थंडीला बसू द्या, ढग तेवढे उशिरा येतील. वळवानं यावं, पण राब भाजून झाल्यावर, आणि यावं तेही चार शिंतोडे टाकून राख बसवण्यापुरतं.

त्यात थोरल्या काकांनी भातानंतरच्या ओलीवर गहू केलेला असायचा. त्यांना थंडी हवीच असायची, दाणा भरेपर्यंत. म्हणजे गहू शेतात होता तोवर त्याला थंडी हवी, आणि घरात तपेल्यात आला की उष्मा हवा. यावर आजी म्हणायची, "गव्हाचंबी माणसासारखंच. माहेरी येगळं, सासरी येगळं."

ढग कुठून यायचे ते आम्हां पोरांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी कळसुबाईच्या मागून पांढरा कापूस वर यायचा. चार वाजेस्तोवर त्याचं बूड काळं पडायचं. मग वारा एकदम थांबायचा. तो थांबला की गच्चीवरचं धोतर चार टोकांनी उचलून खाली पळायचं हे आमचं काम. कावळे हाकलायला काठी घेऊन बसवलेलं पोर त्या वेळी नेमकं झोपलेलं असायचं. (ते पोर मीच. घरात अजून बोलतात.)

माझा भाचा शेतकी शिकलाय. त्यानं हे सगळं मला नीट समजावून सांगितलं, तेव्हा आजीच्या ओट्यावरचं निम्मं शास्त्र त्यात निघालं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमेचे झंझावात एकामागून एक येतात, हिमालयात बर्फ पाडतात, आणि त्यांच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली आपल्यापर्यंत उतरतो. फेब्रुवारीनंतर त्यांचा जोर ओसरायला हवा. एखाद्या वर्षी ते येतच राहतात. तोवर आपली जमीन तापत नाही आणि समुद्राकडच्या बाष्पाला आत पाय ठेवायला जागा मिळत नाही. वळवाच्या ढगाला दोन्ही लागतं, खाली तापलेली भुई आणि हवेत ओल. तापलेली हवा उसळी मारून वर जाते, त्यातून ढग रचला जातो. भुईच गार असेल तर उसळी कुठून येणार?

"पण मामी," तो म्हणाला, "थंडी मागे राहिली आणि बाष्प मात्र पुढे घुसलं, तर वाईट. वरची हवा गार, खालची तापलेली, की गारा."

हे ऐकून मला आजीचं वाक्य आठवलं, फाल्गुनातल्या ढगात दगड असतात. २०१४ साली ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, होळी तोंडावर आलेली असताना, विदर्भ-मराठवाड्यापासून नाशिकपर्यंत गारपीट होत राहिली. द्राक्षं, डाळिंबं, कांदा, काढणीला आलेला गहू, सगळं झोडपून निघालं. घोटीत गारा पडल्या त्या दिवशी आजीनं एक गार उचलून तोंडात टाकली, ऐंशी ओलांडलेल्या बाईनं, आणि म्हणाली, "लहानपणी खाल्ली होती तशीच हाय." मग गच्चीवर जाऊन भिजलेल्या कुरडयांकडे बघून तिनं गारांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

२०१९ चं वर्ष मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्याबद्दल जरा धीटपणे बोलते. त्या हिवाळ्यात हिमालयात बर्फ पडतच राहिलं होतं. ९ फेब्रुवारीला नाशिकला पारा ४ अंशांवर आला. निफाड-दिंडोरीकडे ऐन तोडणीच्या दिवसांत द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या करून बसले, पहाटे ठिबकचं पाणी सोडत होते, कारण अशा गारठ्यानं मणी तडकतो. मी नोकरीनिमित्त नाशिकला. घरी फोन केला तर आई म्हणाली, "आजी शेगडी मागतेय." शेगडी कुठली आता! तूसही पूर्वीसारखं मागितलं की मिळत नाही. मी खोली गरम करायचं विजेचं यंत्र नेऊन दिलं. आजीनं त्याच्याकडे अर्धा तास पाहिलं आणि विचारलं, "याच्यात कणीस कुठं भाजायचं?"

४ मार्चला शिवरात्र होती. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असं आमच्याकडे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडीतूनच आजीचा आवाज आला, "शिव शिव म्हणाली, अन् परत बसली." दारातल्या रायवळ आंब्यावर त्या वर्षी बाळकैऱ्या धरल्या होत्या आणि त्याच फांद्यांवर नवा मोहोरही फुटत होता. भाचा म्हणाला, हे हापूसवाल्यांचं दुखणं, फळ धरल्यावर पुन्हा गारठा पडला की झाड परत मोहोरतं, आणि आधीची फळं गळतात. आमचं झाड रायवळ, त्याला बाजाराची चिंता नाही, तरी पोरांच्या कैऱ्या गेल्याच.

गहू आईनं भिजवला तो होळीच्या आधी. आजीनं सांगितलं होतं, घाई करू नका. तिसऱ्या दिवशी तपेलं तिच्या खाटेपाशी नेलं. तिनं दाणा चिमटीत धरला. बोटांत जोर राहिला नव्हता, म्हणून माझ्या चिमटीवर आपली चिमूट ठेवून दाबला. दूध नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी आलं, तेही निम्म्या दाण्यांना. आई म्हणाली वाटून टाकू. आजीनं मान हलवली. शेवटी तो गहू पाचव्या दिवशी वाटला की सहाव्या, यावर आईचं आणि माझं आजही एकमत नाही. चीक मात्र मी खाल्ला. गरम, वर दूध आणि गूळ घालून, आजीच्या वाटीतला.

पुढे उन्हाळा तापला खूप, पण वळीव जेमतेमच. त्या वर्षी मार्च ते मे या महिन्यांत देशभरातच पाऊस सरासरीपेक्षा जवळपास पाव हिश्शानं कमी पडला. मॉन्सून केरळात ८ जूनला आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. थंडी लांबली म्हणून वळीव आणि पाऊस लांबले का, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, इतकं सरळ नसतं मामी, मॉन्सूनची कारणं वेगळी, समुद्रातली. आजी म्हणाली, त्याला काय कळतंय. मी दोघांचंही ऐकून घेतलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीला पूर आला आणि तो सगळा वाद वाहून गेला.

आबा तेव्हा नव्हते. राब काकांचा मुलगा भाजतो, तोही आता थोडकाच. ते वर्ष आबांच्या मनासारखं होतं. राब कोरडा रचला, कोरडा भाजला, ढगानं मधे तोंड घातलं नाही. मी त्या संध्याकाळी खाचराच्या बांधावर उभी होते. आग मातीखालून हळूहळू चालत होती, वर ज्वाळ नव्हती, नुसता निळसर धूर आणि भाजल्या मातीचा वास. आबा असते तर "बघ, थंडीनं आपलं काम केलं" असं म्हणून त्यांनी आजीकडे तिरकं पाहिलं असतं.

आजी गेल्यावर माळा आवरताना कालनिर्णयं सापडली. जाड दोऱ्यानं ओवलेली, १९८० पासूनची. दुधाचे हिशेब आईच्या अक्षरात, गॅसच्या टाक्यांचे आकडे बाबांच्या. आजीला लिहिता येत नव्हतं. पण जवळजवळ प्रत्येक वर्षी, फेब्रुवारीच्या नाहीतर मार्चच्या पानावर, ओळीनं काही तारखांच्या चौकोनात काजळाची टिंबं होती. मला कळेना. आईनं बघितलं आणि म्हणाली, अगं हा गहू. भिजवल्याच्या दिवसापासून रोज एक टिंब.

मी मोजत बसले. बहुतेक वर्षी तीन. काही वर्षी चार. २०१४ च्या पानावर तीन टिंबं आहेत आणि पुढच्या चौकोनात मोठा काळा डाग, तो गारांचा असावा. अलीकडच्या काही वर्षांत दोनच टिंबं दिसतात. म्हणजे थंडी आता आधीच आवरती घेते, की आजीला दाणा नीट दाबता येईना झाला, ते मला सांगता यायचं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये पाच टिंबं आहेत. सहाव्या चौकोनात अर्धवट पुसल्यासारखं काहीतरी आहे, त्याला आई बोटाचा डाग म्हणते.

तुमच्या माळ्यावर जुनी कालनिर्णयं असतील, तर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी फेब्रुवारी-मार्चची पानं एकदा उलटून बघा. आणि त्यात १९८६-८७ ची असतील तर मला कळवा. आमची ती दोन वर्षं वाळवीनं खाल्ली.